मेजवानी रांधली कोणी?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिबिया तुरुंगात जाऊन तिथल्या प्रार्थनामंदिराचं पवित्र दार (जुबिली वर्षात क्षमेची खूण म्हणून उघडतात ते) उघडलं, त्या बातमीवर उशिराने सुचलेली टीका असावी. गृहस्थ लिहितात, ख्रिस्ती लोकांचं बरं आहे. शनिवारी पाप करायचं, रविवारी कबुली द्यायची, सोमवारी पाटी कोरी.

मी 36 वर्षं मराठी शाळेत शिकवलं. पहिली-दुसरीच्या मुलांच्या शेकडो पाट्या पुसल्या. पाटी आपोआप कोरी होत नाही. ओलं फडकं लागतं, आणि पाटी जितकी स्वच्छ होते तितकं फडकं काळं होतं. त्या गृहस्थांना मला एवढंच विचारायचं होतं, की फडक्याचं काय? पण एका ओळीचं पत्र आपण छापणार नाही, म्हणून सगळंच लिहिते. लांबलं तर कात्री लावा. फक्त आईचा भाग कापू नका.

आम्ही वसईचे. पश्चिमेकडच्या एका गावातले, पिढ्यान्‌पिढ्या बागायत करणारे कॅथलिक. वडिलांची 22 गुंठ्यांची वाडी होती. राजेळी केळी, पानवेली, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात विहीर. घरामागे मांडवावर सुकेळी वाळायची आणि आम्ही दोघं भावंडं राखणीला बसून निम्मी खायचो. वडील 1989 साली गेले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची हरित वसईची चळवळ उभी राहत होती. शाळा सुटली की मी सभांना, मोर्च्यांना जायचे, वसई वाचवा म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचे. आणि 1996 साली माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने आमचीच वाडी बिल्डरला विकली.

कशी विकली तेही सांगते, कारण त्यात माझा हात आहे. अगदी शब्दशः. टेम्पोसाठी कर्ज काढायचंय, बँकेला घरच्यांच्या सह्या लागतात, असं सांगून त्याने कागद आणले. आईने सही केली. मीही केली. वाचल्याशिवाय कशावर सही करू नका, असं दरवर्षी वर्गात बजावणाऱ्या बाईंनी कुलमुखत्यारपत्रावर न वाचता सही केली, कारण आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि माणूस घरचा होता. वाडीचे नऊ लाख आले. आमच्या वारसा कायद्याने विधवेचा तिसरा हिस्सा, उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे तिघांना तीन-तीन लाख. नऊच्या नऊ घेऊन तो नाताळाच्या तोंडावर निघून गेला. त्या वर्षी आमच्या पडवीत तारा लागला नाही.

वकील म्हणाले, दावा लावा. आई म्हणाली, "पोरावर केस घालून मी मिस्साला कुठल्या तोंडाने जाऊ?" तिथे तो विषय संपला. पुढच्या दीडेक वर्षात विहीर बुजवली गेली आणि वाडीत चार मजली इमारत उभी राहिली. ती नेमकी शाळेच्या वाटेवर. निवृत्त होईपर्यंत मी रोज दोनदा तिच्यावरून गेले.

आता त्या गोष्टीकडे येते. आमच्या रविवारच्या मिस्सातली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या) चौथ्या रविवारी येतो, पण दर तिसऱ्या वर्षी. यंदा तो रविवार 30 मार्चला होता. गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, परदेशी जाऊन सगळं उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते. मग शुद्धीवर येऊन घरी निघतो. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जातो, मिठी मारतो. उत्तम झगा, बोटात अंगठी, पायात जोडे, पुष्ट वासरू, मेजवानी. थोरला शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागाने आत येत नाही.

मास्तरकीची खोड म्हणून मी दोन वचनं शेजारी ठेवून वाचते. एकोणिसाव्या वचनात मुलगा वाटेत भाषण पाठ करतो. बापा, मी पाप केलंय, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एखाद्या चाकरासारखा ठेव. एकविसाव्यात तो ते भाषण म्हणायला लागतो, पण चाकरासारखा ठेव हे शेवटचं वाक्य तिथे नाहीच. बापाने ते म्हणू दिलेलं नाही. तो मधेच नोकरांना हाका मारू लागतो. मिठी तर त्याच्याही आधी मारून झालेली. पोरगा पस्तावून आलाय की नुसता भुकेने आलाय, याची चौकशी त्या बापाने केलेली दिसत नाही.

एवढं सगळं दर तीन वर्षांनी ऐकत मी आईच्या शेजारी बसायचे. 1998, 2001, 2004, 2007, 2010. आई त्या दिवशी हटकून रडायची. मी हटकून कोरडी.

2013 च्या मार्चात पुन्हा तेच वाचन झालं आणि त्याच वर्षी जुलैत तो आला. संध्याकाळ होती, पाऊस लागलेला, आमची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होती. मागच्या दाराशी कोणीतरी खोकलं. सोळा वर्षांनी ऐकलेल्या खोकल्यावरून आईने ओळखलं. मला वाटलं, भिकारी असेल. गोष्टीतला बाप स्वतः धावला; आमची आई 81 वर्षांची, गुडघे गेलेले, ती कुठे धावणार? तिने मला पळवलं. "टॉवेल आण. दादांचा लेंगा काढ पेटीतला. पाणी तापव. बोंबील आहेत का बघ, तळ." (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.) मी टॉवेल आणला, पेटी उघडली, पाणी तापवलं, बोंबील तळले. तो जेवला. तेवढ्यात आई मला म्हणाली, राहिलेली रोझरी पूर्ण कर. ती पूर्ण करताना मी कितव्या मण्यावर होते ते मला कळत नव्हतं.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत, आपल्याला क्षमा मागताना, जुन्या मराठी पवित्र शास्त्रात शब्द आहे तो ऋणाचा. जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं, तसं तू आमची ऋणं सोड. आता चर्चमध्ये म्हणताना आम्ही अपराध म्हणतो, पण मला तो जुना शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. अपराध सोडला म्हणजे काय झालं ते नेमकं कळत नाही. ऋण सोडलं म्हणजे मात्र लख्ख कळतं. तीन लाख सोडले, तर सोडणाऱ्याचे तीन लाख गेले. ते हवेत विरले नाहीत, कोणाच्या तरी खात्यावर तूट म्हणून बसले. त्या दाखल्यातही बापाने मालमत्ता आधीच दोघांत वाटलेली आहे. जे माझं आहे ते सगळं तुझंच, असं बाप थोरल्याला सांगतो. म्हणजे धाकट्यासाठी जी मेजवानी झाली ती थोरल्याच्या हिश्शातून झाली. त्याला कोणी विचारलं नाही, बोलवायलाही कोणी शेतावर गेलं नाही. तो चिडला तर मला त्यात नवल वाटत नाही.

पाटी कोरी म्हणणाऱ्या गृहस्थांना हे दिसत नाही. क्षमा फुकट असते ती घेणाऱ्याला. देणाऱ्या घरात ती कोणीतरी भरत असतं. आणि कबुलीचं म्हणाल तर तिथेही नुसतं सांगून सुटका नाही. मनापासून पस्तावा हवा, पुन्हा करणार नाही हा निश्चय हवा, दिलेलं प्रायश्चित्त पार पाडायला हवं, आणि चोरलं असेल तर परत करायला हवं. जक्कय नावाच्या जकातदाराने कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देईन म्हटलं, तेही याच लूकने लिहून ठेवलंय. पण गंमत अशी, की येशू त्याच्या घरी मुक्कामाला येतो म्हणाला ते या चौपटीच्या आधी. क्रम महत्त्वाचा आहे. मी तो क्रम पुष्कळ वर्षं उलटा धरून बसले होते.

भावाच्या पायाला मधुमेहाची जखम होती. दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंग दिवसाआड, ते मीच करायचे, कारण आईचे हात थरथरत आणि माझ्याने घाण बघवत नाही असं म्हणायची सोय मला नव्हती. डेटॉलचा वास आजही आला की मला तेच दिवस आठवतात. पण मी त्याच्याशी बोलत नव्हते. चार वर्षं नाही. जे सांगायचं ते आईमार्फत. "त्याला सांग, पाय भिजवू नकोस." तो दोन हातांवर बसलेला असायचा. आई आपली निमूटपणे निरोप पोचवायची, जणू तो पलीकडच्या गावात आहे.

तो कुठे होता, पैशाचं काय केलं, हे आईने एकदाही विचारलं नाही. वापीला टेम्पो चालवत होता आणि दारूने टेम्पोही गेला, एवढं मला इतरांकडून कळलं. लग्न केलं नव्हतं. 2016 साली दाखल्याचा रविवार आला तेव्हा आई त्याला घेऊन पुढच्या बाकावर बसली. मी मागे, बायकांमध्ये. गावातल्या झाडून सगळ्या माना आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे वळल्या. मी प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलं, ते उलटं धरलंय हे शेजारणीने दाखवलं.

आई 2017 च्या ऑक्टोबरात गेली. माती झाली, सातव्या दिवसाची मिस्सा झाली, पाहुणे गेले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. निरोप्या गेलेला. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला आणि शेगडी विझली. मी म्हटलं, "सिलिंडर संपलाय." तो उठला, दुसरा जोडून दिला. वीस-एकवीस वर्षांनी मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. याला क्षमा म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणत नाही. मला चहा हवा होता.

2019 चा तो रविवार मात्र गाजला. नवे तरुण फादर होते. प्रवचनात त्यांनी थोरल्या मुलाला असं काही धुतलं, की विचारू नका. हिशेबी, कोरडा, परूशी (म्हणजे नियमांवरच बोट ठेवणारा), बापाच्या घरात राहून बापाला न ओळखलेला. मिस्सा संपल्यावर मी थेट साक्रिस्तीत, म्हणजे वेदीजवळच्या फादरांच्या खोलीत, गेले. फादर वस्त्रं उतरवत होते. म्हटलं, "फादर, एक विचारू? त्या दिवशी मेजवानी रांधली कोणी?" ते गोंधळले. म्हटलं, "झगा पेटीतून काढला कोणी, पाणी तापवलं कोणी, दुसऱ्या दिवशी भांडी घासली कोणी? या दाखल्यात आई नाही, बहीण नाही. असती तर ती चुलीपाशीच असती, तिला राग आला हे कोणाला कळलंही नसतं."

ते हसले. मला वाटलं, टाळलं. पण चार दिवसांनी संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, गोष्ट पुरी झालेलीच नाही. थोरला आत आला की नाही हे प्रभूने सांगितलेलं नाही." मी म्हटलं, "मी आत आहे, फादर. स्वयंपाकघरात."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. इसवी सन 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला, की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा. (आपल्याकडे गोष्टीलाही दाखला आणि कागदालाही दाखला, हे मी फादरना म्हटलं, त्यांना ते फार आवडलं.) कितीतरी ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला, कोणी लाच देऊन नुसताच कागद मिळवला. काही मात्र तुरुंगात गेले, मेले. छळ ओसरल्यावर घसरलेले परत आले, आम्हाला आत घ्या म्हणून. रोममधला नोव्हातियन म्हणाला, मुळीच नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप कॉर्नेलियस म्हणाले, प्रायश्चित्त करून घेऊ. नोव्हातियनची माणसं वेगळी झाली, स्वतःला शुद्ध म्हणवू लागली. पुढे 325 साली निकेयाची परिषद भरली (यंदा तिला 1700 वर्षं होताहेत), तेव्हा या शुद्ध लोकांनाच परत यायचं झालं तर काय, हा प्रश्न निघाला. आठव्या नियमात परिषदेने सांगितलं, जरूर या. मात्र लिहून द्या, की जे घसरले आणि प्रायश्चित्त करून परतले त्यांच्या पंगतीला तुम्ही बसाल.

म्हणजे परत घेताना लिहून घेतलं ते थोरल्याकडून! मला हे इतकं चपखल लागलं, की कप हातात तसाच राहिला. भटकलेले दोन्हीकडे असतात. एक वापीपर्यंत जातो, दुसरी सोळा वर्षं रोज त्याच स्वयंपाकघरात उभी राहून घरापासून लांब जाते.

पण संपादक महोदय, एक गोष्ट मला ठणकावून सांगायची आहे आणि ती माझ्याच लोकांना सांगायची आहे. क्षमा ज्याला लागलं त्याने द्यायची असते. ती दुसऱ्याने वसूल करायची नसते. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली. नवरा चार दिवसांनी हात जोडून दारात. तिच्या काक्या-मावश्या लागल्या तिला दाखला सांगायला: प्रभूने सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय, तू एकदाही करत नाहीस? मी गणितही शिकवायचे. सातांच्या सत्तर वेळा म्हणजे 490. काकींना म्हटलं, मोजलेत का तुम्ही, याने किती वेळा मारलं ते? तो दाखला सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की उधळ्या पुत्राने बापावर हात उचलला नव्हता. आणि बापाने वाटणी पुन्हा केली नाही. आमच्या घराच्या कागदांवर आजही माझंच नाव आहे. भावाला ते ठाऊक आहे आणि त्याने कधी विषय काढला नाही. चर्चच्या आतही जगभर किती अन्याय क्षमेच्या पदराखाली झाकले गेले हे आता उघड झालंय. झाकण्याला क्षमा म्हणू नये.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण म्हणूनच मला पटतं. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचा नवरा ग्रॅहॅम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं गाडीत जाळली गेली. बाईंनी क्षमा जाहीर केली, आणि बारिपदाच्या कुष्ठरोग्यांसाठी 2004 पर्यंत तिथेच थांबल्या. खटला मात्र चालला, दारासिंगची जन्मठेप 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दोन्ही आपापल्या जागी.

आणि सिस्टर राणी मारिया. केरळच्या. मध्य प्रदेशात इंदूरजवळ उदयनगरला आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या, सावकाराच्या कर्जातून त्यांना बाहेर काढायच्या. पुन्हा ऋण आलंच बघा. ज्यांचा धंदा बुडत होता त्यांनी समुंदर सिंग नावाच्या तरुणाला पुढे केलं. 25 फेब्रुवारी 1995 ला चालत्या बसमध्ये त्याने त्यांच्यावर सुऱ्याचे वार सुरू केले; अंगावर पन्नासच्या वर जखमा. जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याला त्यांनी राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या दिल्या. 2006 साली तो सुटला, केरळला त्यांच्या घरी जाऊन आईला भेटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरला राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) जाहीर केलं गेलं त्या सोहळ्याला तो हजर होता.

आमची आई जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ही बातमी वाचून मला भरून यायला हवं होतं. मला राग आला. सेल्मींचा राग. माझ्या भावाने तर नुसती जमीन विकली होती आणि मला सिलिंडरच्या पुढे जाता येत नव्हतं. आणि ही बाई राखी घेऊन तुरुंगात जाते! आमच्या घरी राखीची पद्धत नाही म्हणून मी स्वतःला सोडवून घेतलं. वर्तमानपत्र घडी करून खण अस्तरायला वापरलं. ते आजही मसाल्याच्या डब्याखाली आहे.

आता सध्याचं सांगते. 2018 पासून भाऊ रात्रपाळीचा वॉचमन आहे. कुठे, तर आमच्या वाडीवर उभ्या असलेल्या त्याच इमारतीत. दुसरीकडे कुठे मिळालं नाही, पाय असा, वय असं. चालत जाण्याजोगं तेवढंच होतं. विहीर होती त्या जागी आता त्याची केबिन आहे. हे मी रचून सांगत नाही. रचायचं असतं तर इतकं ठोकळेबाज रचलं नसतं. पहिल्या दिवशी डबा देताना मी विचारलं, "कसं वाटतं रे?" तर म्हणाला, "डास फार."

2019 च्या ऑगस्टमध्ये, त्या प्रवचनाला पाचेक महिने झाले असतील, त्याने पगारातले दीड हजार माझ्यासमोर ओट्यावर ठेवले. काही बोलला नाही. मी विचारलं, हे कशाचे? म्हणाला, "तुझे तीन लाख." आईने सोडले होते तिचे, न मागता, तो दाराशी खोकला त्याच्याही आधी. मी सोडले नव्हते, आणि सोडले नाहीत हे त्याला न सांगता कळलं होतं. मी पैसे घेतले. शाळेतली एक उरलेली वही होती, तिच्यात तारीख घालून लिहिले.

तेव्हापासून मार्चअखेर 64 हप्ते झाले. मधले चार चुकले, तो इस्पितळात होता तेव्हाचे. 96 हजार आले. दोन लाख चार हजार बाकी. याच गतीने अजून 136 महिने. तोपर्यंत मी 79 ची होईन, तो 71. व्याज धरलेलं नाही. फादरना (ते आता दुसऱ्या धर्मग्रामात आहेत) फोनवर हे सांगितलं तेव्हा वाटलं, ते म्हणतील, वही मिटा आता, बाई. ते म्हणाले, "तो देतोय ना? देऊ दे. त्यालाही उभं राहायला काहीतरी हवं." आईने सगळं एका घासात सोडलं. मी हप्त्याने घेते. यात ख्रिस्ती धर्माचं काय आहे ते त्या गृहस्थांनीच मला सांगावं. पाटी कोरी नाही एवढं नक्की.

गेल्या रविवारी, 30 मार्चला, गुलाबी वस्त्रं, तोच दाखला, पुन्हा नवे फादर. भाऊ रात्रपाळीहून थेट आला होता, युनिफॉर्मवरच. मी पुढच्या बाकावर होते. शेजारी जागा होती, तो येऊन बसला. थोरला आत येत नाही तिथवर वाचन आलं आणि पाहते तर हा झोपलेला, तोंड उघडं टाकून. कोपराने ढोसावं म्हटलं. मग म्हटलं, झोपू दे, रात्रभर जागलाय.

माझं नाव छापू नये ही विनंती. आपलं दैनिक पहाटे पाचला त्याच्या केबिनपाशी येऊन पडतं, इमारतीतले लोक उठायच्या आत तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो आणि सातला घरी आल्यावर चहा पिताना काय काय आलंय ते मला सांगतो. हे पत्र छापलंत तर तो माझ्या आधी वाचेल. बोंबलांवरून ओळखेलच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
वसई (पश्चिम)
एप्रिल 2025